तीन लाइटचा किट की एकच लाइट?

एकाने विचारलंय की घरी फोटो-व्हिडिओसाठी पहिल्यांदाच लाइट घेताना तीन लाइटचा स्वस्त किट बरा की एकच चांगला लाइट, तर माझं मत सरळ आहे, एकच घ्या पण दमदार घ्या. स्वस्त किटचे स्टँड इतके लेचेपेचे असतात की सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, पुढे पांढरं कापड असलेली पेटी) चढवला की मान टाकतात. व्हिडिओपण करायचा असेल तर एलईडी, नुसते फोटो असतील तर स्ट्रोब (म्हणजे मोठा फ्लॅश), त्याच पैशात उजेड कितीतरी जास्त मिळतो, फक्त फोटोत काळी पट्टी यायला लागली तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/२०० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून हळू ठेवा. एलईडीचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या पुढे बघा नाहीतर चेहरे हिरवट येतात आणि मग बसा एडिटिंगमध्ये डोकं खाजवत. माउंट (लाइटवर सॉफ्टबॉक्स अडकवायची खाच) बोवेन्स प्रकारचाच घ्या, बऱ्याच कंपन्यांचे सॉफ्टबॉक्स बसतात.

लावताना सॉफ्टबॉक्स फ्रेममध्ये दिसणार नाही इतपतच लांब ठेवा, जितका जवळ तितकी सावली मऊ. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे मागची भिंत काळोखी हवी असेल तर लाइट माणसाला चिकटवा आणि दोघांनाही भिंतीपासून लांब आणा, जागा असेल तेवढं. दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला पांढरा थर्माकोल उभा केला की दुसऱ्या लाइटची गरजच पडत नाही (खरंच). एलईडी लावलाय तर घरातले पिवळे बल्ब बंद करा, एलईडीच्या ५६०० केल्विनसोबत (दिवसासारखा पांढरा उजेड) ते मिसळले की अर्धा चेहरा निळा अर्धा पिवळा. आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवाच, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दोन.