ऑफसेट, डबल कट, हॉर्न: गिटारच्या बॉडीत नेमकं कशाला काय म्हणायचं?

राजारामपुरीत एका मित्राकडं फेंडर कंपनीची जॅझमास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बघितली, तो म्हणाला ही ऑफसेट बॉडी. पण शिंगं (बॉडीची पुढं आलेली टोकं) लहानमोठी तर फेंडरच्याच स्ट्रॅटलापण (स्ट्रॅटोकास्टर) असतात की, मग तिला ऑफसेट का म्हणत नाहीत? आणि मराठीत काय म्हणावं?

— भावा, ऑफसेट शिंगांवरनं नाही, कंबरेवरनं ठरतंय. गिटार टेबलावर उताणी ठेव, बॉडी दोन्हीकडनं जिथं सगळ्यात जास्त आत गेलीय त्या दोन ठिकाणांवर पट्टी आडवी धर. स्ट्रॅटवर पट्टी तारांना जवळपास काटकोनात बसते, जॅझमास्टरवर चक्क तिरकी पडते, कारण दोन्हीकडची कंबर समोरासमोर नाहीच. बसून वाजवणाऱ्याला मांडीवर नीट बसावी म्हणून फेंडरनं १९५८ ला हे केलं आणि १९६० च्या जॅझ बास या बास गिटारला पण तशीच कंबर दिली. तिरकी कंबर म्हटलं तर कुणालाबी कळेल, मला तरी हाच शब्द आवडतो.

कटअवे आणि हॉर्न लोक एकच धरतात ते मात्र चूक. वरच्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या, म्हणजे दांडीवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) हात जावा म्हणून कापलेली जागा तो कटअवे, कापून उरलेलं टोक तो हॉर्न. फेंडरची टेली (टेलिकास्टर), गिब्सनची लेस पॉल एकाच बाजूनं कापलेल्या, म्हणून सिंगल कट; स्ट्रॅट आणि गिब्सनची एसजी दोन्हीकडनं कापलेल्या, म्हणून डबल कट. हॉर्नला शिंगच म्हणा, कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशींची रंगवलेली शिंगं बघितलेल्याला वेगळं सांगायला नको. आणि हे शिंग नुसतं दिसायला नसतंय, बासचा नेक लांब, स्केल (तारेची वाजणारी लांबी) बहुतेक ३४ इंची, म्हणून वरचं शिंग पुढं काढून पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या जवळ नेतात, मग तोल राहतो. एसजीचं (१९६१) बटण मागं नेकच्या बुडाशी आणि बॉडी पातळ, त्यामुळं हात सोडला की बऱ्याच एसजी मान टाकतात. नेक डाइव्ह म्हणतात ते हेच, आणि मान टाकणे हा आपला शब्द त्याला इतका फिट बसतो की दुसरा शोधूच नये.

— दादा, मिरजेत सतारीच्या वरच्या फळीला तबली म्हणतात, मग लेस पॉलच्या मेपल टॉपला तबली म्हटलं तर?

— नको. तबली खाली पोकळ असते, तारांचा हादरा त्या ज्यावर टेकतात त्या घोडीतनं तिच्यात उतरतो आणि ती थरथरली की आवाज मोठा होतो. लेस पॉलचा मेपल खालच्या महोगनीला सपाट चिकटवलेला असतो आणि तारेची हालचाल पिकअप (तारांखालचं चुंबकाचं यंत्र) पकडतोय, तिथं टॉपच म्हणा. गिब्सनच्या ईएस-३३५ या अर्धपोकळ गिटारला मात्र विचार करायला जागा आहे, मधोमध आरपार ठोकळा आणि दोन्ही बगला पोकळ, तेवढ्या बगलांपुरती तबली म्हटली तरी माझी हरकत नाही.