मदत हवी आहे: मुलगा अडखळत बोलतो, आणि त्याच्या बाबांनाही हाच त्रास आहे

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. प्रश्न मुलाचा आहे, पण तेवढाच त्याच्या बाबांचाही आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आम्ही फलटणला असतो. मुलगा सहा वर्षं आठ महिन्यांचा, यंदा पहिलीत. साडेतीन वर्षांचा असताना अडखळायला लागला. तेव्हा "मी-मी-मी जाऊ?" एवढंच व्हायचं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जाईल आपोआप. आम्ही थांबलो. बहुतेक मुलांचं खरंच जातं. पण मुलगा असेल, घरात आणखी कुणी अडखळत असेल आणि वर्षभरात फरक पडला नसेल, तर वाट बघत बसू नये, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्याकडे तिन्ही गोष्टी होत्या. ती वाया गेलेली वर्षं आठवली की अजून जीव तुटतो.

आता अडखळणं बदललंय. "प" आला की ओठ घट्ट मिटतात, मान एका बाजूला ओढली जाते आणि आवाजच फुटत नाही. मध्यंतरी रविवारी नाश्त्याला काय करू विचारलं की तो शिरा म्हणायचा. लागोपाठ तीन रविवार शिरा केला आणि तिन्ही वेळा ताटलीत तसाच राहिला. चौथ्या रविवारी मीच विचारलं, "पोहे करू का?" त्यानं जोरजोरात मान हलवली आणि दोनदा मागून खाल्ले. म्हणजे त्याला पोहेच हवे होते. "प" येत नाही म्हणून लेकरू नको ते मागत होतं. त्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून रडले आणि संध्याकाळी स्पीच थेरपिस्टची शोधाशोध सुरू केली.

वांद्र्याच्या अली यावर जंग या बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या संस्थेचं नाव काहींनी सुचवलं होतं, पण दर आठवड्याला मुंबई गाठणं आम्हाला जमणारं नव्हतं. पुण्यातल्या एका मॅडमची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघून त्यांच्याकडे सुरू केलं. पहिल्या दोन वेळा समक्ष गेलो, आता दर शनिवारी व्हिडिओ कॉल. चार महिने झाले.

सासूबाईंना वाटायचं, कुत्रं अंगावर आलं तेव्हापासून हे झालं. रोज वेखंड उगाळून जिभेला लावायच्या. मॅडमनी त्यांना शेजारी बसवून समजावलं की हे भीतीनं होत नाही, कुणाची नक्कल करून लागत नाही, जिभेतही दोष नाही. बोलण्यासाठी मेंदू ज्या हालचाली जुळवतो, ती जुळवणीच जरा वेगळी असते आणि पुष्कळदा ते घराण्यात चालत येतं. वेखंड बंद झालं. मलाही, आपलं काय चुकलं, या विचारातून पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं.

घरचा अभ्यास मुलापेक्षा आमचाच जास्त आहे. रोज पंधरा मिनिटं फोन लांब ठेवून त्याच्या आवडीचा खेळ, प्रश्नांचा भडिमार नाही. त्याचं बोलून झालं की मनात दोन आकडे मोजून मग आपण बोलायचं, तेही सावकाश. "हळू बोल", "श्वास घे" बंद. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. हे सगळ्यात अवघड. मुद्दाम अडखळायचाही एक खेळ आहे: मूठ आवळून घट्ट शब्द, मूठ सैल सोडून सैल शब्द. त्यात तो मला मार्क देतो. रात्री त्या दिवसाच्या बोलण्याला शून्य ते नऊ आकडा लिहायचा, शून्य म्हणजे अजिबात अडखळणं नाही. आधी सात-आठ असायचा, हल्ली तीन-चार. शाळेत काही झालं की पुन्हा सहा.

आता मुख्य प्रश्न. माझा नवराही अडखळतो. फोन उचलत नाही, दुकानात मला पुढे करतो. शाळेत "तत-पप" म्हणून चिडवायचे, एका मास्तरांनी वर्गासमोर उभं केलं होतं, एवढं एकदाच बोलला. मुलगा अडकला की हा उठून गॅलरीत जातो. रागानं नाही, त्याला ते बघवत नाही. पण परवा झोपताना पोरगं म्हणालं, "आई, बाबांना माझं बोलणं आवडत नाही का?"

मॅडम म्हणतात, "मीही अडखळतो" असं बाबांनी एकदा स्वतः सांगितलं तर त्याला फार आधार वाटेल. मी हा विषय काढला की नवरा गप्प होतो. जबरदस्ती करायची नाहीये. त्याची जखम जुनी आहे, हे कळतं मला. इथे स्वतः अडखळणारे कुणी बाबा आहेत का? तुम्ही मुलाशी हे कसं बोललात? बायकोनं काय केलेलं, किंवा न केलेलं, बरं वाटलं असतं? तीसा, म्हणजे इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या, पुण्यातल्या भेटींना कुणी गेलंय का? तिथे पहिल्यांदा गेल्यावर बोलावंच लागतं, की नुसतं बसून ऐकलं तरी चालतं?

भर, दहा दिवसांनी: सगळ्यांचे मनापासून आभार. ज्या काकांनी "माझ्या मुलीनं मला दहावीत विचारलं, तेव्हा मी पहिल्यांदा बोललो" असं लिहिलं, त्यांचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचायला दिला. त्यानं दोनदा वाचला आणि काही न बोलता फोन परत दिला. काल मात्र विचारलं, "शनिवारी मॅडमचा कॉल किती वाजता असतो?" पाच वाजता, एवढंच सांगितलं.

आणखी एक विचारायचं आहे. स्नेहसंमेलनात वर्गाची कविता आहे. त्याला त्रास नको म्हणून बाई त्याला वगळून पडदा ओढायचं काम देताहेत. हेतू चांगला आहे, पण कविता त्याला पाठ आहे आणि सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना तो अजिबात अडखळत नाही. बाईंना वाईट न वाटता हे कसं सांगू? की आधी त्यालाच विचारू, तुला काय करायचंय म्हणून?