सावित्रीचे मुख आणि उगम दोन दिवसांत: एक सहल की दोन?

सह्यवाट

दोन दिवसांची सहल ठरवताना किनारा की डोंगर, या प्रश्नावर पुण्यातल्या बहुतेक घरांत दोन तट पडतात. माझे म्हणणे असे की, सावित्री नदीची साथ धरली तर ही निवड करण्याचे कारणच उरत नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या नद्यांचे उगम मानले जातात, त्यांपैकी कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेकडे जातात. सावित्री मात्र कडा उतरून पोलादपूर आणि महाडवरून वाहत जाते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते. सुमारे १३७० मीटर उंचीवरचे गिरिस्थान आणि खाडीच्या तोंडावरचे जुने बंदर एकाच नदीने बांधलेले असताना ती दोन वेगवेगळी पर्यटनस्थळे मानावीत, हे मला पटत नाही.

माझा बेत असा आहे. शनिवारी पहाटे निघून ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे श्रीवर्धन गाठावे, पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे हे मूळ गाव पाहावे आणि मुक्कामाला हरिहरेश्वरला जावे. रविवारी सकाळी बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसह वेश्वीला उतरावे, बाणकोटचा किल्ला पाहून मंडणगडमार्गे महाड गाठावे, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून प्रतापगड करावा आणि संध्याकाळी महाबळेश्वर पाहून वाईमार्गे परतावे. एकूण अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर होते.

ही सांगड माझ्या कल्पनेतली नाही. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि लगोलग प्रतापगड बांधून काढला, त्यामागे महाडकडून पार घाटाने देशावर जाणारी वाट ताब्यात राहावी हाही हेतू होता. १७५६ मध्ये बाणकोट इंग्रजांकडे गेले आणि पुढे महाबळेश्वर वसल्यावर मुंबईचे इंग्रज समुद्रमार्गे बाणकोटला, तिथून खाडीने महाडकडे आणि मग घाट चढून थंड हवेला जात असत. ज्याच्या नावाने महाबळेश्वरचा ऑर्थर सीट ओळखला जातो, त्या ऑर्थर मॅलेटची पत्नी आणि मूल बाणकोटच्या खाडीत बुडाले आणि तो त्या कड्यावर बसून सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहत असे, असे सांगितले जाते. खाडी पाहून त्याच दिवशी त्या कड्यावर उभे राहिले, तर ती हकीकत नुसती वाचण्यापेक्षा निराळी कळेल.

खाडीकाठ

आपण नदीची वाट सुंदर मांडली आहे, पण प्रवासाचा अंदाज किलोमीटरवर बांधला आहे आणि कोकणात तो तासांवर बांधावा लागतो. तुमचा रविवारच पाहा. फेरीबोटीची रांग, बाणकोटचा चढ, मंडणगडची वळणे, महाड, पोलादपूर, घाट, गड, महाबळेश्वरची गर्दी आणि वर पुण्यापर्यंतचे सुमारे १२० किलोमीटर. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी रस्त्याखेरीज काय पाहायचे? मागे बसलेल्यांचेही घाटातल्या वळणांनी हाल होतात, विशेषतः लहान मुलांचे.

मी श्रीवर्धन तालुक्यातला आहे आणि माझा विरोध केवळ दगदगीपुरता नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या वाड्यांतली सुपारी आणि नारळाची झाडे मुळासकट आडवी झाली. श्रीवर्धनी रोठा सुपारीला बाजारात मान आहे, पण नवे रोप लावल्यावर हाती पीक यायला पाच-सात वर्षे जातात. तोवर ज्या घरांनी तग धरला, त्यांतल्या अनेकांनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दोन खोल्यांच्या आणि घरगुती जेवणाच्या आधाराने धरला. रात्री येऊन सकाळच्या फेरीबोटीला पळणारा पाहुणा त्या वाडीत पाऊलसुद्धा टाकत नाही. पाटाचे पाणी झाडांच्या आळ्यांत कसे फिरवतात, सुपारी सोलायला घरातल्या किती बायका बसतात, हे पाहायला एक निवांत सकाळ लागते. ऐतिहासिक गाव म्हणजे पेशव्यांचा पुतळा आणि किल्ल्याचा बुरूज एवढेच नव्हे. ज्या माणसांनी ते गाव आजवर राखले, त्यांच्याशी चार शब्द बोलणे हाही त्या गावाचा इतिहास पाहणेच आहे. दोन दिवस हातात असतील तर दोन्ही किनाऱ्याला द्यावेत.

चाकरमानी

खाडीकाठ यांची तळमळ समजते, तरी मी सह्यवाट यांच्या बाजूने आहे. ज्यांना वर्षातून एखाद-दुसरीच जोडून सुट्टी मिळते, त्यांना एका वेळी एकच ठिकाण निवांत पाहा, असे सांगणे म्हणजे दुसरे ठिकाण कायमचे लांबणीवर टाका, असे सांगणे आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आई-वडिलांना समुद्र हवा असतो आणि मुलांना गड. अशा घराला जोडसहल हाच मार्ग आहे.

दुसरे असे की, भूगोलाच्या पुस्तकात कोकण, घाट आणि देश हे तीन शब्द मुले पाठ करतात, पण ते प्रत्यक्ष समजायला एकाच प्रवासात तिन्ही ओलांडावे लागतात. खाडीचे खारे पाणी, महाडच्या पुढची भाताची खाचरे, मग कातळाची भिंत आणि तिच्यावर चढून गेल्यावर लागणारी कारवी व जांभळाचे रान, हे सारे चोवीस तासांच्या आत डोळ्यांखालून गेले तर कोकणात इतका पाऊस का पडतो आणि वाईच्या पूर्वेला तो का आटतो, हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

घाटमाथा

माझा आक्षेप ऋतूचा आहे आणि तो मूळ बेतात कुठेच आलेला नाही. डोंगरदऱ्यांचे सौंदर्य म्हटले की लोक पावसाळा धरतात. आंबेनळी घाटात जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण गेले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत याच पट्ट्यात दरडी आल्या आणि महाड तालुक्यातले तळीये गाव डोंगराखाली गाडले गेले. जून ते सप्टेंबर हा बेत कोणीही आखू नये, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. हिवाळ्यातही अंधार पडल्यावर हा घाट नवख्या चालकाने चढू नये.

डोंगर हवाच असेल तर मी महाबळेश्वर वगळून रायगड घालीन. शनिवारी श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर करावे, रविवारी लवकर निघून महाडमार्गे पाचाडला यावे. जिजाऊसाहेबांच्या समाधीचे दर्शन घेऊन रोपवेने गडावर जावे आणि परतताना निजामपूरकडून ताम्हिणी धरावा. १६७४ चा राज्याभिषेक ज्या सदरेवर झाला, तिथे उभे राहायला मिळत असताना सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरच्या बाजारपेठेत वाहनांच्या रांगेत अडकून पडण्याचे काय प्रयोजन? रोपवेमुळे वयस्कर माणसांचीही सोय होते. मात्र जोडून सुट्टी आली की तिथेही मोठी रांग लागते, म्हणून आधी चौकशी करून जावे.

महाडची लेक

आतापर्यंतच्या प्रत्येक बेतात महाडचे नाव आले आणि प्रत्येकाने ते गाडीच्या काचेतूनच पाहिले, याचे मला वाईट वाटते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले ते याच गावात. महामार्गावरून तळ्यावर यायला फार वेळ लागत नाही. फेरीबोटीने मंडणगडकडून येणार असाल तर बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात आहे. आंबडवे आणि चवदार तळे एकाच सकाळी पाहता येतात आणि त्यासाठी बाणकोटचा किल्ला सोडावा लागला तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या व्यापारी वाटेचा इतिहास आपण इतक्या बारकाईने सांगतो, तर याच वाटेवरच्या गावात पाण्यासाठी झालेला सत्याग्रह त्यातून गळता कामा नये.

सह्यवाट

चवदार तळे आणि आंबडवे यांना बेतात जागा देतो. त्यांच्याशिवाय सावित्रीच्या काठाचा इतिहास अपुरा राहतो. ऋतूबद्दलही घाटमाथा यांच्याशी माझे दुमत नाही. हा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठीच धरावा. रायगडाच्या सूचनेला मात्र माझी हरकत आहे. रायगड हा अर्ध्या दिवसात, किनाऱ्यावरून धावत येऊन करण्याचा गड नव्हे. जगदीश्वराचे मंदिर, महाराजांची समाधी, बाजारपेठ आणि टकमक टोक एवढ्यालाच पूर्ण दिवस हवा. प्रतापगड आटोपशीर आहे आणि महाबळेश्वरचा बाजार टाळून फक्त क्षेत्र महाबळेश्वर आणि ऑर्थर सीट एवढेच पाहिले तर नदीचा धागाही तुटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघून माणगावला मुक्काम केला, तर शनिवारचा पूर्ण दिवस श्रीवर्धन आणि हरिहरेश्वरला मिळतो आणि वाडीत बसायलाही सवड होते.

खाडीकाठ

शुक्रवारचा मुक्काम माणगावला होणार असेल तर माझा अर्धा विरोध मावळतो. रविवारबद्दलचे मत मी बदललेले नाही. प्रतापगड आणि महाबळेश्वर यांतले एकच घ्यावे, असे मी अजूनही म्हणेन.

तरीही जाणारच असाल तर तारीख सुट्टी पाहून नव्हे, तिथी पाहून ठरवा. हरिहरेश्वराचा प्रदक्षिणामार्ग दोन कातळांमधल्या पायऱ्यांनी थेट समुद्राच्या काठावर उतरतो आणि लाटांनी जाळीसारख्या कोरलेल्या खडकावरून पुढे जातो. तो फक्त ओहोटीला चालता येतो. भरतीच्या वेळी तिथे उतरलेल्या माणसांचे जीव गेले आहेत. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, असा हिशेब आहे. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ साधारण सहाला भरती असते, म्हणजे संध्याकाळची प्रदक्षिणा गेलीच. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती साडेअकराच्या आसपास येते आणि ओहोटी साडेपाचच्या सुमारास. ही उधाणाची ओहोटी असल्याने पाणी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांपेक्षा बरेच मागे जाते. म्हणून शनिवार पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे येईल असा आठवडा निवडा, दुपार श्रीवर्धनला घालवून साडेचारपर्यंत हरिहरेश्वरला या, देवळात वेळ विचारून खात्री करा आणि मगच खाली उतरा. जेवणाचे मात्र सकाळीच कळवून ठेवा. घरगुती खानावळीत माणसे मोजून स्वयंपाक होतो आणि ताजी मासळी हवी असेल तर तीही सकाळीच आणावी लागते.