मदत हवी आहे : आईची रक्तातली साखर ५८, लघवीत मात्र ‘चार प्लस’, ग्लुकोमीटर कोणता घ्यावा?

संगमनेरकर

नमस्कार. माझी आई ६७ वर्षांची असून तिला १२ वर्षांपासून टाइप टू मधुमेह आहे. ती भाऊ-वहिनींजवळ संगमनेरला असते आणि मी नोकरीनिमित्त बंगळूरला राहतो. तीन आठवड्यांपूर्वी नव्या डॉक्टरांनी तिची औषधे बदलली आणि तेव्हापासून घरातल्या ग्लुकोमीटरवर विश्वास ठेवावा की नाही, हेच समजेनासे झाले आहे.

परवा पहाटे तीन वाजता तिला दरदरून घाम फुटला, उशीचा अभ्रासुद्धा ओला झाला होता. वहिनीने बोट टोचून पाहिले तर साखर ५८ निघाली. तिने लगेच साखरेचे पाणी दिले, पण वीस मिनिटांनी आकडा ६१ होता. पुन्हा पेलाभर दिले, तेव्हा कसाबसा ६६ झाला. दोन पेले साखरेचे पाणी पोटात जाऊनही आकडा वर सरकत नसेल, तर यंत्रच बिघडले असणार. त्याच सकाळी लघवीची तपासणी केली, तर तिच्यात साखर चार प्लस, म्हणजे पट्टीवरची सर्वांत वरची पातळी. रक्तात कमी आणि लघवीत एवढी, हे एकाच वेळी कसे शक्य आहे?

मीटर चार वर्षांचा आहे. दीड-दोन हजारांपर्यंतचा खात्रीचा मीटर कृपया सुचवावा, म्हणजे आज रात्रीच मागवतो. पथ्याचे सल्ले नकोत, आईचे पथ्य कडक आहे.

निवांत_वाचक

मीटर बदलण्याआधी पट्ट्यांची मुदत पाहावी आणि त्यांच्या डबीचे झाकण नीट लागते का, तेही पाहावे. बोट साबणाने धुऊन कोरडे करूनच टोचायला हवे. माझ्या वडिलांनी एकदा आमरस खाल्लेल्या बोटावर तपासणी केली तेव्हा ३१२ आकडा आला आणि हात धुतल्यावर १४८. अर्थात, अशी चूक आकडा वाढवते, कमी करत नाही.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खालच्या आकड्यात १५ पर्यंतचा फरक चालतो. म्हणजे तुमच्या ५८ चा खरा आकडा साधारण ४३ ते ७३ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. पण ५८, ६१, ६६ असे ओळीने आलेले आकडे आणि सोबत फुटलेला घाम पाहता मीटर खरे सांगतो आहे, असेच मला वाटते.

सेन्सर_वापरकर्ता

मीटरच्या फंदात न पडता दंडाला लावायचा १४ दिवसांचा सेन्सर घ्यावा. मी दोन वर्षे वापरतो आहे. साखर रात्रभर कशी चढते-उतरते, याची संपूर्ण रेघ मोबाइलवर दिसते आणि तुम्हाला ती बंगळूरला बसूनही पाहता येईल. खर्च अधिक आहे, परंतु परगावी राहणाऱ्या मुलासाठी याहून मोठा दिलासा नाही.

माधवी_ठाणे

सेन्सरही पहाटे फसवू शकतो. त्या दंडावर माणूस दाबून झोपला की खोटा कमी आकडा येतो, म्हणून शंका आली की बोट टोचूनच खात्री करावी लागते.

संगमनेरकर, औषधे बदलली एवढेच तुम्ही लिहिले आहे. कोणती होती आणि कोणती झाली? ते सांगितल्याशिवाय कोणीही काय सांगणार?

संगमनेरकर

नावे मला आठवत नाहीत. सकाळची एक नवी गोळी आहे आणि दुसरी एक दोन्ही वेळा जेवणाआधीची आहे. शिवाय बीपीची आहेच. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.९ टक्के आली म्हणून डॉक्टरांनी बदल केला होता. माझा प्रश्न मीटरचा आहे.

मेथीदाणा

या गोळ्यांच्या चक्रातून आईंना बाहेर काढावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी अनशापोटी आणि दिवसातून दोनच वेळा जेवण, एवढ्यावर माझी सरासरी आठ महिन्यांत ८.४ वरून ६.३ वर आली. मधले खाणे पूर्ण बंद करून पाहावे.

माधवी_ठाणे

मेथीदाणा, तुम्हाला गुण आला याचा आनंदच आहे. पण त्या काळात तुम्ही कोणत्या गोळ्या घेत होता? साखर सक्तीने खाली आणणारी गोळी पोटात असताना मधले खाणे बंद केले, तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. ज्या आईंची साखर पहाटे ५८ होते, त्यांना जेवण कमी करायला सांगणे मला धोक्याचे वाटते.

मेथीदाणा

मी फक्त मेटफॉर्मिन घेत होतो, ती साखर तशी सक्तीने खाली आणत नाही, आणि जेवणातला बदल डॉक्टरांना सांगूनच केला होता. हे आधी लिहायला हवे होते, ते राहून गेले. तरीही मूळ उपाय आहारच आहे, या मतावर मी ठाम आहे.

औषधदुकान_२२वर्षे

मीटर मागवण्याची घाई करू नका. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात, एकाच सकाळी होऊ शकतात आणि आमच्या काउंटरवर हा प्रश्न वरचेवर येतो.

पहिले लघवीचे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रपिंडाला साखर परत रक्तात ओढू देत नाहीत, दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीतूनच बाहेर टाकतात. ही गोळी चालू असताना लघवीचा अहवाल चार प्लस येणारच. तो आजार बळावल्याचा पुरावा नाही, गोळी काम करते आहे याची ती खूण आहे.

दुसरे साखरेच्या पाण्याचे. अनेक मिश्र गोळ्यांत व्होग्लिबोज असते. ते आतड्यात साध्या साखरेचे विघटन लांबवते. त्यामुळे घरातली साखर, गूळ, पेढा यांचा गुण तातडीने येत नाही. ग्लुकोजचे विघटन व्हावे लागत नाही, म्हणून अशा माणसाला ग्लुकोज पावडरच द्यावी लागते आणि डब्यावर डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचेच दुसरे नाव) लिहिलेले आहे ना, ते वाचून घ्यावे लागते. तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम पाण्यात द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि आकडा ७० च्या खालीच असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही न देता थेट दवाखाना गाठावा.

आता मला चार गोष्टी हव्या आहेत. वहिनींना गोळ्यांची सगळी पाकिटे हातात घेऊन कंपनीचे नाव सोडून खालची बारीक अक्षरे वाचायला सांगा. ‘सगळी’ म्हणजे डब्यात जी जी आहेत ती. आईंचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे? त्या उपवास करतात का? आणि रात्री जेवतात किती?

संगमनेरकर

वहिनीशी आत्ताच व्हिडिओ कॉलवर बोललो. तिने एकेक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरले आणि मी अक्षरे मोठी करून वाचली. जे दिसले ते लिहितो.

सकाळी डापाग्लिफ्लोझिन १०. सकाळी आणि रात्री जेवणाआधी ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५०० आणि व्होग्लिबोज ०.२ यांची एकत्र गोळी. बीपीसाठी मेटोप्रोलॉल. याखेरीज डब्याच्या तळाशी एका निराळ्या गोळीची पाकिटे निघाली, त्यांवर ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० असे लिहिले आहे. ही तिची जुनी गोळी. ती बंद झाली असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आईला विचारले तर ती म्हणाली, “सकाळी दोन नव्या आल्या म्हणून सकाळची जुनी मी सोडली. रात्रीची बंद कर असं कुणीच सांगितलं नाही. अजून अडीच पाकिटं शिल्लक आहेत, टाकून कशी देणार?” तीन आठवडे ती रोज रात्री दोन्ही गोळ्या घेते आहे. चिठ्ठी पुन्हा पाहिली, तिच्यावर नवी औषधे आहेत, पण जुनी बंद करावीत असे कुठेही लिहिलेले नाही.

क्रिएटिनिनचे विशेष काही नाही, १.४ आहे. उपवास दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. मागच्या संकष्टीला संध्याकाळी साडेसातला तिचे हात थरथरत होते आणि मीटरवर ६४ होते. तिने चंद्रोदयापर्यंत काही खाल्ले नाही आणि आम्ही मीटरला दोष दिला. रात्री ती एक भाकरी आणि भाजी खाते, कधी नुसते दूध-भात.

औषधदुकान_२२वर्षे

आजच्या रात्रीच्या गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना फोन झालाच पाहिजे. त्यांच्याशी बोलणे झाले नाही तर गावातल्या रुग्णालयातल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना दोन्ही पाकिटे दाखवा.

हिशेब पाहा. आईंच्या पोटात रात्री एकाच वेळी ४ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड जाते आणि दिवसभरात ६. त्यावर जेवण एक भाकरी. ग्लिमेपिराइड जेवण पाहून काम करत नाही. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतच राहते. पहाटे तीनचा घाम तिथून आला.

१.४ क्रिएटिनिन ‘विशेष काही नाही’ म्हणण्यासारखे नाही. ६७ वर्षांच्या स्त्रीसाठी सूत्राने हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता साधारण ४१ येते. ३० ते ४५ च्या टप्प्यात मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० च्या वर जाऊ देत नाहीत. आईंचे १५०० होते आहे. मूत्रपिंड मंदावलेले असले की ग्लिमेपिराइडचा अंमलही लांबतो, म्हणून साखर एकदा वर आली तरी काही तासांनी ती पुन्हा घसरू शकते. आज आणि उद्या पहाटे तीनला बोट टोचून पाहायलाच हवे.

मेटोप्रोलॉलमुळे साखर घसरताना होणारी धडधड जाणवेनाशी होते, घाम मात्र फुटतो. म्हणून आईंच्या बाबतीत नुसत्या घामालाही हलके मानू नये.

निवांत_वाचक

यात डॉक्टरांचीच चूक स्पष्ट आहे. औषध बदलताना जुने बंद असे ठळक लिहायला नको का?

माधवी_ठाणे

लिहायला हवेच. पण जुनी पाकिटे दाखवायला कोणी सोबत नेली होती का, हाही प्रश्न आहे. बारीक इंग्रजी अक्षरे वाचता न येणाऱ्या बाईला रंग आणि आकार यांवरूनच गोळी ओळखता येते. नवी गुलाबी आणि जुनी पांढरी असेल, तर तिच्या दृष्टीने ती दोन निराळी औषधेच आहेत. माझ्या सासूबाईंनी एकच औषध कंपनीचे आणि जनऔषधी केंद्रातले असे दोन्ही महिनाभर घेतले होते.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल एक सांगायचे राहिले. माझ्या यजमानांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी ती गोळी तीन दिवस बंद ठेवायला सांगितले होते. कडक उपवास, उलट्या-जुलाब, पाणी कमी पिणे अशा वेळी या गोळीमुळे रक्तात आम्ल साचू शकते आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेलाही नसतो. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर मीटरवरच्या चांगल्या आकड्याने निर्धास्त राहू नये. तेव्हा उपवासाचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सेन्सर_वापरकर्ता

एवढ्या गोळ्यांपेक्षा रात्रीचे एकच इन्सुलिन सोपे पडले नसते का? माझ्या काकांना त्याने बरे वाटले.

औषधदुकान_२२वर्षे

तो निर्णय डॉक्टरांचा आहे आणि आजच्या रात्रीचा तो प्रश्न नाही. संगमनेरकर, फोन झाला का?

संगमनेरकर

झाला. डॉक्टरांना जुनी गोळी चालू असल्याची कल्पनाच नव्हती. त्यांनी ती तत्काळ बंद केली, रात्रीच्या मिश्र गोळीऐवजी ग्लिमेपिराइड नसलेली गोळी दिली आणि दहा दिवसांनी क्रिएटिनिनसह तपासायला बोलावले आहे. सरासरीची तपासणी आत्ता करून उपयोग नाही, तीन महिन्यांनी करू, असेही ते म्हणाले. पुढच्या भेटीपर्यंत उपवास करायचा नाही, असे आईला त्यांनी स्वतः फोनवर सांगितले. मी वर्षभर सांगून जे तिने ऐकले नव्हते, ते ऐकले.

काल पहाटे तीनला १०४ होते, आज ११८. त्याच मीटरवर. ग्लुकोज पावडरचा डबा आईच्या उशाशी ठेवला आहे आणि वहिनीने प्रत्येक पाकिटावर मराठीत ‘सकाळ’, ‘रात्र’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत.

उरलेल्या अडीच पाकिटांचे काय करायचे, असे आई विचारते आहे. ती अजून तिच्याच डब्यात आहेत.

औषधदुकान_२२वर्षे

ती आजच डब्यातून बाहेर काढा. न कापलेली पाकिटे बिलासह नेली तर काही दुकानदार परत घेतात, त्यांना विचारून पाहा. अर्धे कोणीच घेणार नाही. त्यातल्या गोळ्या वहिनींनी आईंच्या समोरच फोडून टाकून द्याव्यात.