रोजच्या वापराला जुनी गाडी का नको?

फीलरगेज
पुण्यात जुनी गाडी म्हणजे रविवारी कव्हर काढून पुसायची वस्तू, हे मला मान्य नाही. चांगल्या स्थितीतली प्रीमियर पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा यांत्रिक भाग असलेली) मारुती ८०० शहरात रोज चालवावी. ती बिघडली तर कुठे बिघडली ते डोळ्यांना दिसतं.

इंजिन सुरू होत नाही? प्लग काढून वायरला लावा, ब्लॉकला टेकवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी पडली तर इग्निशन ठीक, मग पेट्रोल तपासा. ठिणगी पिवळट आणि अशक्त असेल तर डिस्ट्रिब्युटरचं (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागाचं) झाकण उघडा. आतल्या पॉइंटमधली (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमधली) फट ०.४५ मिमीच्या आसपास हवी. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ पुन्हापुन्हा येत असेल तर कंडेन्सर (पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा छोटा भाग) गेलाय, नुसते पॉइंट घासून भागणार नाही. उलट नव्या गाडीत हेडलॅम्पमधला एक एलईडी गेला की बहुतेक वेळा अख्खा दिवाच बदलतात. याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

घाटउतार
पूर्ण असहमत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार डोळ्यांसमोर आणा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे फिरत्या डब्याला आतून लायनर घासून थांबवणारे. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, पेडल खाली जातं, आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. त्यात त्या काळच्या अनेक गाड्यांत ब्रेकचं सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलची वाट, एकच. चाकातला ब्रेक दाबणाऱ्या एका व्हील सिलिंडरचा वॉशर फाटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. आजच्या गाडीत दोन सर्किट असतात, वर चाक जाम होऊ न देणारं एबीएस.

'जुना पत्रा जाड, म्हणून गाडी मजबूत' हा तर घातक गैरसमज आहे. पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळला तरच धक्का शोषला जातो, नाही तर तो आत बसलेल्याला बसतो. २०२३ पासून भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीत ताशी ६४ किमी वेगाने गाडी अडथळ्यावर आदळून हेच तपासतात. जुन्या गाडीत डोक्यामागे आधार नाही, एअरबॅग नाही, आणि स्टीअरिंगचा सरळ दांडा थेट छातीकडे.

फीलरगेज
@घाटउतार, उतारावर ब्रेक तापतो तो चालवण्याच्या पद्धतीने. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा-थोडा दाबून सोडा. ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि उकळबिंदू उतरतो: डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंश, ओल धरल्यावर १४० पर्यंत. घाटात पेडल 'स्पंजी' होतं ते बऱ्याचदा ऑइल उकळून झालेल्या वाफेमुळे. ड्रम काढाल तेव्हा व्हील सिलिंडरचं रबर मागे सारून पाहा. आत ओलसर दिसलं तर किट बदला, पुसून परत बसवू नका.

मेनजेट
तुम्ही दोघं ब्रेकवर अडलात, पण आज जुन्या गाडीचा खरा शत्रू पेट्रोल पंपावर आहे. ई२० म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या नळ्यांचं साधं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. पेट्रोल पंपाचा (गाडीतल्या) डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, ताठर होतो किंवा चिरतो. टाकीतला वर्षानुवर्षांचा राळेसारखा थर सुटून फिल्टरमध्ये येतो. त्यात इथेनॉल पाणी शोषतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पेट्रोल तिथूनच ओढलं जातं. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी त्यानेच गंजते.

शिवाय मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जेट (इंधन मोजून सोडणारं बारीक छिद्र) जेवढं सोडेल तेवढंच देतो. म्हणून गाडी अडखळते, प्लग पांढरा पडतो. आधी सगळ्या नळ्या फ्लुओरोइलास्टोमरच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) घ्या. बाहेरून सारख्याच दिसतात, तेव्हा नळीवरचा छाप वाचूनच घ्या. मग पंप आणि कार्ब्युरेटरचं किट, काचेचा फिल्टर, आणि पहिल्या ५०० किमीत तो दोनदा बदला. त्यानंतरच मेन जेट एक साइझ मोठा करून प्लगचा रंग बघा, फिकट तपकिरी हवा. नळ्या न बदलता नुसता जेट वाढवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

कोडवाचक
नेमकं हेच. इंजेक्शनवाल्या (संगणकाने इंधन सोडणाऱ्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सर एका मर्यादेपर्यंत इंधन आपोआप वाढवतो. आणि 'नव्या गाडीत काही दिसत नाही' हे खरं नाही. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा, पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरच्या (इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये दोष. आधी त्याचा कनेक्टर आणि वायर तपासायची, मग सेन्सर. पॉइंट घासण्यापेक्षा हे अवघड नाही. मात्र बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल गाडी घेऊन कोथरूड ते डेक्कन एवढंच चालवणाऱ्यांनी सावध राहावं. डीपीएफ या धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. चार-पाच किमीच्या फेऱ्यांत तो तापत नाही. डीपीएफचा दिवा लागला तर मॅन्युअल सांगेल त्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर चालवा, मध्येच इंजिन बंद करू नका. काजळी जाळणं अर्धवट राहिलं की त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. शहरापुरत्या वापराला नवी पेट्रोल गाडी घ्या.

घाटउतार
@फीलरगेज, ब्रेक ऑइलचं पटलं. पण मागच्या सीटवर मूल बसवायचं कसं? तिथे पट्टेच नाहीत.

फीलरगेज
लहान मुलासाठी नवीच गाडी हवी, कारण चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्स हूक जुन्या गाडीत नंतर विश्वासाने बसवता येत नाहीत. मोठ्यांसाठी मागे कमरेचे पट्टे बसवता येतात. जमिनीच्या पत्र्याला भोक पाडून, खालून किमान ३ मिमी जाडीची पोलादी पट्टी देऊन, ७/१६ इंचाचा यूएनएफ (बारीक आट्यांचा) बोल्ट. पट्टी नसेल तर धक्क्यात बोल्ट पातळ पत्रा फाडून वर येतो. त्याआधी मॅट उचलून पत्रा हातोडीने ठोकून बघा. आवाज बसका आला किंवा गंजाची खपली निघाली तर तिथे पट्टा बसवू नका, आधी पत्रा कापून नवा वेल्ड करा.