कपडे बघून लोक पक्ष ओळखतात तेव्हा... (अनुभव लिहा)

रानजाई
२०१८ मधे पुण्यातल्या सभेत शरद पवारांनी सांगितलं की यापुढे पुणेरी पगडी नको, फुले पगडी घाला. त्यावरून आमच्याकडे जेवता जेवता आजोबा आणि काकांची अशी जुंपली की आमटी गार झाली. पगडी दोघांनीही जन्मात घातलेली नाही हा भाग वेगळा. त्याआधी २०११ ला अण्णांचं उपोषण चालू होतं तेव्हा 'मी अण्णा हजारे' लिहिलेल्या टोप्या घालून आमची अख्खी बॅच कॉलेजभर फिरत होती, पुढे तसलीच टोपी आम आदमी पक्षाची झाली आणि आईने माझी कपाटातून काढून विचारलं, ही ठेवायची की फर्निचर पुसायला घेऊ? तर कपड्यांवरून तुम्हाला कोणी परस्पर एखाद्या पक्षात ढकललंय का, किंवा मुद्दाम काही घातलंय, घालायचं टाळलंय का, ते लिहा. कुठला पक्ष चांगला ते कृपया नको.

काजबटण
आमचं तालुक्याच्या गावी टेलरिंगचं दुकान आहे. झेडपीची निवडणूक लागली की पांढऱ्या कापडाचा नुसता ढीग पडतो. वडिलांच्या उमेदीत खादी असायची, आता लिनन नाहीतर कॉटन, पण रंग पांढराच आणि इस्त्री अशी की बाही हाताला कापावी. एक भाऊ आहेत (नाव विचारू नका), त्यांची ऑर्डर ठरलेली, खिसा एकेरी कापडाचा, आत अस्तर बिलकुल नको, कारण खिशातला साहेबांचा फोटो बाहेरून दिसला पाहिजे. मधे साहेबांनी पक्ष बदलला. शर्ट तेच, फोटो तोच, फक्त गळ्यातलं उपरणं दुसरं आलं. वडील म्हणतात पांढऱ्याचा हाच फायदा, कुठल्याही उपरण्याखाली चालतंय. आणि जाकिटाचं सांगू का, पट्टीची कॉलर, बिनबाह्यांचं, पॅटर्न एकच, पण गिऱ्हाईक बघून आम्ही त्याला नेहरू जाकीट म्हणायचं की मोदी जाकीट ते ठरवतो. शिलाई सेम.

सीमेवरची
बेळगावात १ नोव्हेंबरला काय घालायचं हा प्रश्न दिवाळीच्या खरेदीपेक्षा अवघड आहे. १९५६ ला याच तारखेला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून मराठी माणसं काळा दिन पाळतात, काळे कपडे, दंडाला काळी फीत, सायकल फेरी. आणि त्याच दिवशी कर्नाटकाचा राज्योत्सव, म्हणजे गावभर कन्नड झेंड्याचं लाल-पिवळं. मी लहान असताना शाळेच्या राज्योत्सवाच्या नाचात होते, त्यामुळे पिवळा फ्रॉक आणि लाल रिबिनी घालून मी तयार, आणि बाबा काळा शर्ट घालून फेरीला निघालेले. मला शाळेत सोडायचं त्यांच्याकडेच असायचं. गेटच्या अलीकडे कोपऱ्यावर उतरवायचे, तू जा पुढं, म्हणायचे. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही, आज वाटतं की गेटवरच्या सरांना सगळं माहीत असणार. अजूनही त्या दिवशी साधं भाजी आणायला जायचं तर मी आधी कपाटापुढे उभी राहते. पिवळी ओढणी नको, काळा कुर्ता घातला तर त्याचाही अर्थ होणार, शेवटी राखाडी.

रानजाई
@सीमेवरची, राखाडी रंगाचा अजून कुठला पक्ष नाही ना, बघून घे :)

निळ्या शाईचं पेन
इथे सगळं हलकंफुलकं चाललंय, मी थोडं वेगळं लिहितो. डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी बोलले, त्यात लुगडं सवर्ण बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, अंगावरचे कथलाचे नि चांदीचे जड दागिने टाका, असं सांगितलं होतं, कारण ती लांबूनच जात सांगणारी खूण होती. आमच्या पणजीने गळसरी काढली ती परत घातली नाही असं घरात सांगतात. गावातल्या लोकांनी म्हणे लुगड्यावरूनच टोमणे मारले, फार मोठ्या लागून गेल्या काय म्हणून. त्यामुळे फॅशनसारखी फालतू गोष्ट कशाला राजकारणात आणता असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. १४ एप्रिलला माझे वडील भर उन्हात कोट, टाय, सगळं घालून मिरवणुकीला जातात. ऑफिसमधला एकजण म्हणाला, अरे एवढ्या उकाड्यात सूट कशाला? वडलांना सांगितलं तर म्हणाले, त्याला विचार लग्नात त्याने काय घातलं होतं आणि तेव्हा महिना कुठला होता.

कांदाभाकर
आजोबांच्या सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला कायम. १९८६ ला चांदवडच्या महिला अधिवेशनाला आजी गेली होती तीही बिल्ला लावून. तिच्याकडे चांगला दागिना तो एकच, असं आजोबा चिडवायचे, आणि आजी म्हणायची कांद्याला भाव मिळाला असता तर दुसरा पण असता.

खडूवाले गुरुजी
इलेक्शन ड्यूटीचा किस्सा. बूथपासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही, त्यामुळे चिन्हाचं उपरणं, टोपी, बॅज काही असेल तर काढायला लावतो. एक आजोबा साधी पांढरी गांधी टोपी घालून आले तर एका पोलिंग एजंटने हरकत घेतली, म्हणे हा काँग्रेसचा प्रचार आहे. आजोबांना आधी कळेचना, मग कळल्यावर टोपी काढून त्याच्यापुढे धरली नि म्हणाले, बघ बाबा, चिन्ह आहे का कुठं? आत घामाचा पिवळा डाग होता तेवढा. टोपी घालूनच मतदान केलं त्यांनी. बाहेर पडताना त्या एजंटला म्हणाले, मत कुणाला दिलं ते तुला टोपीवरनं कळलं असेल तर मलाही सांग.

अण्णा सलाई
मी मराठी, नोकरी चेन्नईत. मित्राच्या लग्नासाठी वेष्टी, म्हणजे इथलं काठाचं पांढरं धोतर, घ्यायला गेलो आणि मला काळ्या-लाल काठाची आवडली. दुकानदाराने घडी परत मिटली आणि विचारलं, सार, तुम्ही डीएमके? इथे पक्षाच्या काठाच्या वेष्ट्याच असतात, काळा-लाल डीएमकेचा, काळा-पांढरा-लाल अण्णाद्रमुकचा. नवऱ्या मुलाचे सासरे पक्के अण्णाद्रमुकवाले निघाले. दुकानदाराने न विचारता बारीक सोनेरी काठाची काढून दिली, शंभर रुपये जास्तीची.