पावसाळ्यानंतर ॲव्हरेज घटलं, चाकं जड फिरतात. ब्रेक धरून राहतोय का?

गुहागर_हॅचबॅक
2008 ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. गाडी किनाऱ्यापासून पाचशे मीटरवर, पत्र्याच्या शेडमध्ये असते. पावसाळ्याआधी लिटरला 15 मिळायचे, आता 13 सुद्धा नाहीत. प्लग, एअर फिल्टर, टायरची हवा बघून झालं. सपाटीवर न्यूट्रल केली की गाडी लगेच मंदावते. ब्रेक लागतो मात्र चांगला. सगळे पॅड (डिस्कला चिमटणारे) आणि शू (ड्रमला आतून घासणारे) बदलून टाकू का?

चिपळूण_पाना
आधी मोजा, मग बदला. सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या आणि चाकाच्या मध्यावर पाण्याचे थेंब टाका. धरून राहिलेलं चाक जास्त तापतं, तिथे थेंब लगेच उडून जातात. डावं-उजवं ताडून बघा, पुढचं-मागचं नको. पुढची चाकं तशीही जास्त तापतात. घाट उतरून आल्यावर ही परीक्षा व्यर्थ.

नंतर चाक उचला. जॅकखाली फळी घ्या, ओल्या तांबड्या मातीत जॅक रुततो, आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. टायरच्या घेराभोवती दोरी गुंडाळून मासळी तोलायच्या लटकत्या काट्याने सावकाश ओढा. चाक एकसारखं फिरत असताना काटा जे दाखवेल तीच रस्त्यावरची ओढ. अशा गाडीला सपाटीवर 50 च्या वेगाने जायला टायर आणि वारा मिळून साधारण 20 किलोची ओढ लागते. त्यात ब्रेकने 3-4 किलो घातले तर पेट्रोल जाणारच. पुढच्या चाकाबरोबर न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा काही भाग फिरतो, म्हणून तिथे आकड्यापेक्षा दोन बाजूंतला फरक बघा. घरघर ऐकू आली तर ब्रेक नव्हे, बेअरिंग.

जाम चाकाच्या कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एअर काढायचं नॉझल अर्धा आटा सैल करा. तेल उडून चाक सुटलं, तर दाब अडकलाय. सुटलं नाही, तर पिस्टन, पिन किंवा पॅड गंजून बसलाय. दाब अडकलाय असं दिसलं तर पुढच्या वेळी नॉझलऐवजी होजच्या (चाकाकडे जाणारी रबरी नळी) अलीकडचा, पेडलच्या बाजूचा, लोखंडी नळीचा जोड सैल करा. तेव्हा चाक सुटत नसेल तर होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो अगदी नवा दिसतो. दोन्ही पुढची चाकं एकदमच जड असतील तर होजच्या मागे लागू नका, पेडल बघा: सुरुवातीला थोडा मोकळा खेळ हवा. ब्रेक लाईटचा स्विच जास्त पुढे बसवला तरी पेडल किंचित दाबलेलं राहतं.

मालवणी_स्पॅनर
खाऱ्या हवेत पहिली जाते ती कॅलिपरची सरकती पिन. रबर बूट फाटला की ओल आत शिरते, पिन अडकते, आतला पॅड झिजतो आणि बाहेरचा जाडच राहतो. पॅड काढताच ही खूण दिसेल. काही गाड्यांत दोन पिनांपैकी एकीवर रबर असतं. त्यांची अदलाबदल करू नका. पॅडचे कान बसतात त्या खाचेतला गंज घासून काढा. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारत बसू नका, पिस्टन आणि सील किट दोन्ही बदला. पिस्टन मागे ढकलताना नॉझल उघडं ठेवा, म्हणजे मळकं तेल पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरकडे जात नाही.

दापोली_चाक
एवढा खटाटोप कशाला? पिनांना चेसिस ग्रीस भरा, आणि ड्रमचे शू जरा जास्त सैल ठेवा.

मालवणी_स्पॅनर
दोन्ही चूक. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं, महिन्यादोनमहिन्यांत पिन पुन्हा जाम. ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच वापरा, तेही पातळ थर. भोक ठासून भरलं तर पिनमागे हवा कोंडून ती परत सरकत नाही. शू सैल ठेवले तर पेडल खोल जातं. परशुराम घाटात दोन लिटर पेट्रोल वाचवून काय करणार?

चिपळूण_पाना
मागच्या ड्रमला क्रम महत्त्वाचा. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल करा. ड्रम ओल्या फडक्याने पुसा. फुंकर किंवा हवा मारू नका, जुन्या शूची धूळ छातीला वाईट. शू किती उघडे राहतात ते ठरवणाऱ्या ॲडजस्टरचे आटे साफ करा, शू टेकतात त्या पाठीच्या प्लेटवर ग्रीसचं बोट लावा. ॲडजस्टरने शू नुसते घासतील इतपत आणा, मग थोडे मागे घ्या. केबल सगळ्यात शेवटी. हँडब्रेक वर येतो म्हणून नुसती केबल ताणणारे बरेच आहेत. तिथेच शू कायमचे उघडे राहतात आणि ॲडजस्टर काम करेनासा होतो.

गुहागर_हॅचबॅक
मोजलं. पुढे दोन्हीकडे सारखंच. मागे उजवं 1 किलो, डावं 4. मागच्या डाव्या चाकाचं नॉझल सैल करून काही फरक पडला नाही. केबल सैल केल्यावर उजवं तसंच, डावं 3.

चिपळूण_पाना
मग एक किलो केबलच्या ताणाचा, बाकी ड्रमच्या आत. ड्रम उतरवून आतली हँडब्रेकची दांडी आणि ॲडजस्टर बघा, एकतरी गंजून बसलाय. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहा. आत ओल दिसली तर तोही बदला. केबल तिच्या म्यानात सरकत नसेल तर नवीच टाका, त्यात ऑईल ओतून फार दिवस निभत नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात शेडमध्ये हँडब्रेक ओढून ठेवू नका. पहिला गिअर आणि चाकाला जांभ्याचा चिरा पुरे.